कच्चा दगड

मोह पडायला लागला की मला काही सुचत नाही. हातातली कामं चालू असतात, चहात साखर पडते, देवापुढं दिवा लागतो, पण आपण कुठं आहोत हे मधूनच विसरायला होतं. यंदाही तसंच झालं. आदिलाबादच्या आमच्या घरामागं कुणाच्यातरी मोकळ्या प्लॉटवर एक मोहाचं झाड तोडायचं राहून गेलंय. सकाळी खिडकी उघडली आणि त्याचा वास आत आला. गोडसर, किंचित आंबूस, ओल्या पोत्यात गूळ ठेवल्यासारखा. नव्या माणसाला तो सोसत नाही. माझी सून खिडकी लावून घेते. मी उघडते, ती लावते. त्या दिवशी मी उघडून तशीच उभी राहिले आणि गॅसवरचं दूध उतू गेलं.

ओटा पुसत होते तेवढ्यात पळसझरीहून फोन आला. पळसझरी हे माझं सासर, वांकिडीच्या पुढं डोंगराच्या धारेवर बसलेलं गाव. फोनवर दिराचा मुलगा प्रकाश होता.

"काकू, खोऱ्यातल्या देवाची खोळ पडली."

"काय पडली?"

"खोळ, खोळ. शेंदराची. सारा थर खाली आला अन् दगड उघडा पडला. गावातले म्हनून राह्यले का पयला शेंदूर तुमच्या मायनं लावला होता, तं आता तुमीच येऊन लावा. अन् लवकर या. तिकडं नवीन मोजनीवाले येऊन राह्यले."

बरं म्हणून फोन ठेवला आणि मी पुन्हा ओटा पुसायला घेतला. पुसलेलाच पुसत होते. मोजणीवाले पुन्हा आले, आणि नेमका तो दगड उघडा पडलाय, एवढंच डोक्यात फिरत होतं. देव उघडा पडला की लोकांना भीती वाटते. मला भीती वाटली ती दगडाची.

त्या खोऱ्याविषयी सांगायचं तर आधी हे सांगायला हवं की मला दिशा कळत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हापासून आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, मला यावरून चिडवायचे. ते गावच्या शाळेत शिकवत. म्हणायचे, "सूर्य सगळ्यांले वाट दाखवते, हिलेच तेवढा फसवते." पण दोष माझा एकटीचा नव्हता. खोरंच तसं होतं. पळसझरीच्या धारेवरून खाली उतरलं की ओढा डावीकडं वाहताना दिसे, तासभर चाललं की तोच ओढा समोरून येताना दिसे, आणि अर्ध्या वाटेवरच्या झऱ्यापाशी पोचेपर्यंत तो पाठीमागं गेलेला असे. दोन्ही बाजूंना काळ्या खडकाचे उतार, उतारावर साग, सागाच्या मधेमधे पांढऱ्या खोडाचं कांडोळ. त्याला आम्ही भुताचं झाड म्हणतो, आणि ते नेहमी आपण आधी पाहिलं होतं त्याच्या दुसऱ्याच बाजूला उभं असतं. पलीकडचा उतार चढून गेलं की चिंचधरा, माझं माहेर. अर्ध्या दिवसाची चाल. मी ती इतक्यांदा चालले, तरी आजही कुणी विचारलं, माहेर कुठल्या दिशेला, तर मी हात वर करते आणि तो हवेतच राहतो.

मोहाच्या दिवसांत मात्र चुकायची सोय नव्हती, कारण तेव्हा खोऱ्यात कानांनी चालायचं असतं. फागुन उतरता उतरता सागाची पानं सगळी खाली आलेली असतात. ताटाएवढी पानं, वाळून कडक झालेली. त्यावर पाय पडला की पापडांचा डबा कलंडल्यासारखा आवाज होतो. आपण चाललो की सगळ्या खोऱ्याला कळतं, आणि खोऱ्यातलं काहीही चाललं की आपल्याला कळतं. चितळांचा कळप असला तर पावसाची सर सरकत गेल्यासारखं वाजतं. मोर एकेक पाऊल ठेवून थांबतो. वानरं झाडावरून उडी मारतात आणि आवाज करून आपणच घाबरतात. एवढासा सरडा पळाला तरी वाटतं, मोठं जनावर आलं. सगळ्यांत फसवं अस्वल. ते माणसासारखं चालतं, टाच टेकवून, सावकाश, मधेच थांबून. मोह त्याला माणसापेक्षा प्यारा. म्हणून झाडाकडं जाताना मोठ्यानं बोलायचं, खाकरायचं, कुणी सोबत नसलं तर आपलं आपल्याशी भांडत जायचं. माझ्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, या निमित्तानं मामंजींना मनसोक्त शिव्या देत जात. मामंजी घरी असत.

एकदा मी झऱ्याच्या वरच्या अंगाला उभी होते. पलीकडच्या उतारावर पावलं वाजली. टाच टेकवून, सावकाश, मधेच थांबून. मी आनंदानं ओरडले, "माय, वं माय!" पावलं थांबली. मग झुडपातून एक काळं, केसाळ ढुंगण वळलं आणि चढण चढून निघून गेलं. माय त्यानंतर बऱ्याच वेळानं आली. तिला सांगितलं तर म्हणाली, "अस्वलाले माय म्हनली? बरं झालं, ते ओ नाही म्हनलं."

आमच्या दोन्ही गावांतल्या बायकांची ही रीतच होती. नवी सून मोहाच्या दिवसांत माहेरी जाऊ शकत नसे. वेचणी असायची, वाळवणी असायची, घरात हात कमी पडायचे. पण मोह खोऱ्यात, आणि दोन्ही गावांचा मोह त्याच खोऱ्यात. मग माय तिकडून अर्धी वाट उतरे, लेक इकडून अर्धी वाट उतरे आणि झऱ्यावर भेट होई. सासू ना म्हणू शकत नसे, कारण सून कामालाच निघालेली असे. सगळ्यांना ठाऊक, सगळ्या गप्प. आत्याबाई स्वतःही अशाच आपल्या मायला भेटत आलेल्या. त्या फक्त एवढंच म्हणत, "टोपलं भरून आनजो. रिकामं आनशीन तं मले दिसते."

आणि टोपलं भरत असे. उजाडायच्या आधी निघायचं. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जागा काळी केलेली असे, आणि त्या काळ्या गोलावर मोहाची फुलं पडलेली असत, पिवळसर, रसानं टरारलेली. वेचताना बोटं चिकट होत. वरून एखादं फूल पाठीवर टपकन पडे आणि उगाच कुणी हाक मारल्यासारखं वळून बघायला होई. ऊन झाडाच्या बुंध्यापर्यंत आलं की पडणं थांबे. मग टोपलं डोक्यावर घेऊन झऱ्यावर जायचं आणि बसायचं ऐकत.

माय आली की फार बोलत नसे. आधी माझे हात बघे, उलटे-सुलटे करून. मग मला पुढ्यात बसवून केस सोडी. पदराआडून तेलाची बुधली काढी आणि डोक्यावर थापून थापून तेल जिरवी. त्या वेळी जे काय बोलायचं ते बोललं जाई. समोरासमोर तोंड नसलं की बोलता येतं. मी तिची एकटीच जगलेली लेक. माझ्या आधीची आणि नंतरची भावंडं पाळण्यातच गेली. तिनं हे कधी बोलून दाखवलं नाही, पण केस विंचरून झाले तरी ती पुन्हा सोडी आणि पुन्हा विंचरायला घेई.

मी सांगते तो मोसम माझ्या लग्नानंतरचा दुसरा. त्याच्या आधीच्या दिवाळीच्या सुमाराला राज्यांची पुनर्रचना झाली होती. आमच्याकडं तो शब्द कुणी उच्चारत नसे. लोक म्हणत, "वाटनी झाली." शेताची वाटणी माहीत, भांड्यांची माहीत, पण राज्याची वाटणी कशी करतात? मास्तर पेपर वाचून सांगत की आता चिंचधरा मुंबई राज्यात आणि आपण आंध्रात. मी विचारलं, मुंबई किती लांब? ते म्हणाले, "तुझ्या माहेराएवढी." मला राग आला. त्यांचीही गंमत होती म्हणा. आधी ते शाळेत उर्दू शिकवत, मग मराठी, आणि आता वरून हुकूम आला की तेलुगू शिका. संध्याकाळी ओट्यावर पाटी घेऊन बसत. म्हणत, "प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर शेंडी आहे. शेंडी विसरली की अक्षर भ्रष्ट." मीही शेजारी बसून गिरवत असे. तेच पुढं माझ्या पोटापाण्याचं झालं. आदिलाबादला मी मास्तरीण झाले ती दोन्ही भाषांच्या जोरावर. पण तेव्हा मला त्या शेंड्यांकडं बघून रडू यायचं. मी कुठली, हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

झऱ्यावर मायला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "आदी निजाम गेला. मग हैदराबाद गेलं. सारे जाऊनच राह्यले. येते कोन, ते सांग."

आला तो अमीन. मोजणी करणाऱ्याला तेव्हा अमीन म्हणत. निजामाच्या वेळचा शब्द, निजाम गेला तरी टिकला. अमीन म्हणजे एक जाडे, घामाघूम गृहस्थ, हैदराबादकडची बोली बोलणारे. सोबत साखळी धरणारी माणसं आणि एका बैलगाडीत हद्दीचे दगड. ते चिंचधऱ्यात आले आणि माझ्या वडिलांच्या ओसरीवर मुक्कामाला राहिले. बाबांनी त्यांना पिठलं-भाकर खाऊ घातली, म्हणजे मायनं रांधली आणि बाबांनी आग्रह केला. जेवताना अमीन सांगत होते की हद्द खरी जाते ती पळसझरीच्या धारेवरून. खोरं सगळं तुमच्या चिंचधऱ्याकडं. पण गाडी धारेवर चढली नाही, दगड उचलून नेणार कोण, म्हणून त्यांनी एक दगड खाली झऱ्यापाशीच उभा करून ठेवला होता. "वो कच्चा पत्थर है. पक्का उप्पर बिठाते, बाद में." बाबा खूश झाले. खोऱ्यातला सगळा मोह, सगळं गवत आपल्या गावाला. दाराआड माय भाकरी थापत होती.

हे मला बाबांकडून पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच कळलं होतं की दगड धारेवर बसला की आमच्या गावाला खोरं बंद. आमच्या पळसझरीत तशी दवंडीच पिटली होती. धारेच्या खाली पाय ठेवला तर पलीकडच्या राज्यातला जंगलवाला टोपली जप्त करील. आत्याबाई चुलीपुढं बसून म्हणाल्या, "मोह नाही तं खोऱ्यात सुनेचं काय काम?" त्या दुष्टपणानं बोलल्या नव्हत्या. खरंच काय काम? दिवाळी-नागपंचमीला माहेरी न्यायला कुणी मुराळी आला तर आला. नाहीतर मायची पावलं ऐकायची ती त्या मोसमातच, आणि तो मोसम शेवटचा होता. त्या दिवसांत मी वेचता वेचता थांबे आणि हातातलं फूल टोपल्यात टाकायचं की तोंडात, तेच कळेनासं होई.

एक दिवस झऱ्यावर गेले तर माय माझ्या आधी येऊन बसली होती. असं कधी झालं नव्हतं. आणि ती वाट बघत नव्हती, काहीतरी करत होती. झऱ्याच्या काठावर, उंबराच्या मुळापाशी, अमीनचा दगड उभा होता, गुडघ्याएवढा, एका अंगाला छिन्नीनं बाण कोरलेला. माय त्याच्यापुढं बसून दोन्ही हातांनी त्याला शेंदूर फासत होती. वरपासून खालपर्यंत. बाणाच्या खाचेत तर बोट घालून घालून भरला. तेलाची बुधली शेजारी आडवी पडली होती, रिकामी.

"माय, हे काय करून राह्यली?"

"देव निंगाला अठी."

"अवं, तो मोजनीचा दगड आहे. अमीननं लावला."

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "मले काय समजते? दगड दिसला, शेंदूर लावला."

मग तिनं दोन मोहाची फुलं दगडापुढं ठेवली, हात जोडले आणि माझे केस सोडायला घेतले. त्या दिवशी माझ्या केसांना तेल मिळालं नाही. मी कुरकुरले. कोरड्या केसांतून फणी ओढताना दुखत होतं आणि ती म्हणत होती, "आज देवाले. तुले उद्या." मी चिडले होते. पुन्हा किती वेळा भेटणार आहोत आणि ही दगडाला तेल पाजून बसली! आपली माय भोळी आहे, अडाणी आहे, असं मी मनात म्हटलं. तिच्या हातांचा शेंदूर माझ्या भांगाला लागला आणि घरी आत्याबाईंनी विचारलं, हे काय, तर मी म्हटलं, खोऱ्यात देव निघालाय.

बस्स. पुढं कुणाला काही सांगावं लागलं नाही. आमच्याकडं उभा दगड आणि त्यावर शेंदूर दिसला की माणूस चप्पल काढतो. विचार नंतर करतो, आणि बहुतेक वेळा करतच नाही. आधी गुराख्यांनी नारळ फोडला. मग खोऱ्यातल्या कोलाम आदिवासींनी कोंबडं दिलं. कुणीतरी झेंडा लावला, कुणीतरी घंटा बांधली. मोह संपून टेंभरं पिकेपर्यंत त्या दगडाला नवसही बोलले जाऊ लागले. आत्याबाई स्वतः खाली उतरल्या आणि मामंजींचा गुडघा बरा होऊ दे म्हणून ओटी भरून आल्या. गुडघा होता तसाच राहिला, पण मामंजी त्या दिवसापासून त्याबद्दल बोलेनासे झाले.

वैशाखात अमीन परत आले, कच्चा दगड काढून पक्का बसवायला. आणि झऱ्यावर येऊन बघतात तो घंटा वाजतेय. दोन्ही गावं जमली होती. माझे वडील आणि माझे मामंजी लग्नापासून एकमेकांशी बोलत नव्हते, का तर लग्नाच्या पंगतीत व्याह्यांच्या पानात वरण थंड पडलं होतं. ते दोघं त्या दिवशी शेजारी शेजारी उभे होते. खरं तर दगड हलला असता तर बाबांचा फायदा होता. पण बाबा एकादशी करणारे, देवभोळे. देव हलवायचा म्हटल्यावर त्यांना खोरं दिसेना.

अमीन कळवळून म्हणाले, "अरे बाबा, ये पत्थर मैंच गाडा ना!"

मामंजी म्हणाले, "गाडला तुमी, साहेब. पन आला तो आपल्या मनानं."

"ये कच्चा है. सरकारी काम है."

"हलवाचा असन तं हलवा. आमी कोन नाही म्हननारे? फक्त पयला हात तुमी लावा."

अमीननं साखळीवाल्याकडं बघितलं. साखळीवाल्यानं गाडीवाल्याकडं बघितलं. गाडीवाला केव्हाच चप्पल काढून हात जोडून उभा होता. बायकांच्या घोळक्यात माय होती, पदर दातात धरून. मी तिच्याकडं बघत होते आणि ती घंटेकडं. मग अमीननं कपाळ पुसलं, खिशातून काहीतरी काढून दगडापुढं ठेवलं आणि म्हणाले, "जाने दो. यहींच रहने दो." पक्का दगड त्यांनी गाडीतून उतरवलासुद्धा नाही. कागदावर पुढं काय झालं मला ठाऊक नाही. नकाशे मी पुष्कळ पाहिले, त्यात ते खोरं मला कधी सापडलं नाही. जमिनीवर मात्र दोन्ही राज्यांचे जंगलवाले त्या दगडापर्यंत येत आणि नमस्कार करून परत फिरत. अर्धं खोरं तिकडं, अर्धं इकडं. आमच्या वाटणीचा मोह आमच्याकडं राहिला आणि माझी अर्धी वाट माझ्याकडं.

त्यानंतर कितीतरी मोसम आम्ही झऱ्यावर भेटलो. चिंचधरा नांदेडात गेलं, मग चांद्यात गेलं, मग मुंबईचं महाराष्ट्र झालं. मायची पावलं तशीच यायची, टाच टेकवून, सावकाश. फक्त मधलं थांबणं वाढत गेलं. मी माझी लेक कडेवर घेऊन गेले, मग बोटाला धरून. माय आता दोन डोकी विंचरायची. हळूहळू इतर माय-लेकींनीही भेटीला तीच जागा धरली. मोहाच्या दिवसांत तिथं एवढ्या बायका जमायला लागल्या की लोक त्याला मायलेकीचा देव म्हणू लागले. बांगड्यांचं दुकान लागायला लागलं.

देवाधर्माची माय नव्हती. बाबांच्या एकादशीला ती त्यांच्यापुरती भगर शिजवी आणि स्वतः चुलीपाशी भाकर खाई. ही गोष्ट मला माहीत होतीच, पण ती आणि तो शेंदूर या दोन गोष्टी मी कधी एकमेकींशेजारी ठेवल्या नव्हत्या. बाबांनी अमीनच्या मुक्कामाची हकीकत सांगितली तेव्हा पहिल्यांदा ठेवल्या. मोह वेचायला जाताना शेंदूर कोण नेतं? मोसमाच्या पहिल्या दिवशी मोहाच्या झाडाला हळद-कुंकू लावतात, पण शेंदूर लावत नाहीत. घरी तो होता बाबांच्या मारुतीसाठी, कोनाड्यात, वर. तिनं काढून पदरात बांधून आणला असणार. की आणला नसेल, कोलामांपैकी कुणी तिथं ठेवला असेल? अमीनची बोली तिला समजत होती का? बाजारहाट ती बाबांवर सोडायची. पण निजामाच्या राज्यात जन्मलेल्या बाईला "कच्चा" आणि "पक्का" एवढं न समजायला काय झालं?

तिच्या शेवटच्या आजारात मी चिंचधऱ्याला गेले, रस्त्यानं, तीन बस बदलून, कारण खोऱ्यातून चालायचं माझं वय सरलं होतं. खाटेजवळ बसून तिचे केस सोडले आणि तेल लावता लावता विचारलं, "माय, तू तेव्हा मुद्दाम केलं काय वं?"

तिनं डोळे उघडले नाहीत. "मले काय समजते," म्हणाली. "दगड दिसला, शेंदूर लावला."

मी हसले आणि रडलेही. आजतागायत मला कळलेलं नाही की माझ्या मायनं एका राज्याची हद्द अडवली की एका दगडाला देव समजून हात जोडले. कधी वाटतं, ती फार हुशार होती. कधी वाटतं, हुशारीबिशारी काही नाही, तिला खरंच तिथं देव दिसला. लेकीची वाट बंद होणार म्हणून माणूस कशाकडंही बघून हात जोडतो, आणि नेमका समोर दगड होता. दोन्ही खरं असेल का? असं असू शकतं का?

आताही तेच चाललंय. राज्य पुन्हा वेगळं झालं, जिल्ह्याचे तुकडे झाले. मी आदिलाबादेत आहे आणि पळसझरी दुसऱ्या जिल्ह्यात गेली. मंडळं, म्हणजे आमच्याकडचे तालुके, बदलली, पाट्या बदलल्या. मी जागची हलले नाही तरी माझं सासर माझ्यापासून आणखी एका हद्दीनं लांब गेलं. प्रकाश जीप घेऊन आला तेव्हा मी तिळाचं तेल आणि शेंदराची पुडी पिशवीत टाकून तयारच होते. सून म्हणाली, "आई, एवढ्या उन्हात कशाला?" मी सांगितलं, मोहाचे दिवस आहेत. तिनं खिडकीकडं बघितलं.

धारेपर्यंत आता रस्ता आहे. पुढं उतार तोच, पानंही तीच. प्रकाशनं हात धरला होता तरी मी मोठ्यानं खाकरत उतरले. त्याला वाटलं, मला खोकला झालाय. ओढा डावीकडं होता, मग समोर आला, मग पाठीमागं. झऱ्यावर बायका होत्याच. उंबराखाली एक माय लेकीला पुढ्यात घेऊन तिचे केस विंचरत होती. लेकीच्या मांडीवर मोबाइल होता आणि ती त्यात न बघता बोलत होती, पाठमोरी, हळू आवाजात.

खोळ बाजूला पडलेली, जाड, आतून काळपट, फुटक्या रांजणाच्या खापरासारखी. दगड मात्र लहान दिसत होता. इतका लहान होता हा? आणि त्यावर बाण, अगदी तसाच, काल कोरल्यासारखा.

तिपाईवर यंत्र लावून एक तरुण मुलगी उभी होती, मोजणीच्या कामावरची. नव्या हद्दींची मोजणी तिच्याकडं होती. प्रकाश म्हणाला होता ते खरं होतं. ती दगडाजवळ येऊन वाकली आणि बाणावरून तिनं बोट फिरवलं. मग यंत्राकडं बघितलं, मग वर पळसझरीच्या धारेकडं. तिच्या कपाळावर आठी पडली. ती आठी मी ओळखली, अमीनचीच. केस विंचरणारा हात थांबला.

मी खाली बसले. बसायला वेळ लागला. तळहातावर शेंदूर घेतला, त्यात तेल सोडलं, दुसऱ्या हातानं कालवलं.

"अव्वा," त्या मुलीनं विचारलं, "ये निशान कायका है?"

मी दोन्ही हात दगडावर ठेवले. बाणाच्या खाचेत आधी बोट घातलं आणि ती काठोकाठ भरून घेतली.

"मले काय समजते बाई," मी म्हणाले. "दगड दिसला, शेंदूर लावला."

बोलताना मी तिच्याकडं बघितलं नाही.